न्याय फळीनेच करावा
‘जुने ते सोने’ हे वचन आम्हांस सरसकट मान्य नाही. तरीही आजोबांचा रंधा भंगारवाल्याच्या तराजूत पडलेला पाहून आम्हांस गप्प बसवत नाही.

लेनर्ड बेली यांची रंध्याची पेटंटे अमेरिकेतील स्टॅन्ले कंपनीने १८६९ साली विकत घेतली. त्या घाटाचे रंधे आज देशोदेशीचे कारखाने बनवितात. घाट टिकला, मग बिघडले कोठे? पूर्वी चांगले कारखानदार ओतीव लोखंड महिनोन्‌महिने मुरत ठेवीत, मगच तासून सपाट करीत. त्यामुळे तळ पुढे वाकत नसे. आता ही उसंत महाग झाली. आम्ही आणलेल्या एका नव्या रंध्याच्या तळाला पट्टी लावली, तो मध्ये खोलगट निघाला! शिसवी मुठीच्या जागी प्लॅस्टिक होते ते निराळेच.

दोष एकट्या कारखानदाराचा नव्हे. स्वस्ताई मागितली ती आपणच. आणि जुन्यातही निकृष्ट माल होताच. तो केव्हाच मोडीत गेला, चांगला तेवढा उरला. उत्तम हत्यारे आजही घडतात, मात्र त्यांचे मोल मोजावे लागते.

म्हणून निष्ठा नावावर नको, वयावरही नको. ती पोलादावर असावी. वाचकहो, घरचे हत्यार विकण्यापूर्वी गंज पुसा, पात्याला धार लावा आणि फळीवर चालवून पाहा. न्याय फळीच करील.