डोरोथी गप्प का बसली?

सिनेमाचा दुसरा भाग म्हटलं की तो पहिल्याची सर गाठणार नाही, असं आपण आधीच ठरवून टाकतो. ‘रिटर्न टू ओझ’च्या वाट्याला तर हे जरा जास्तच आलं. १९३९ चा ‘द विझर्ड ऑफ ओझ’ म्हणजे गाणी, रंगांची उधळण आणि ज्युडी गारलंडचा गोड चेहरा. त्यानंतर तब्बल ४६ वर्षांनी, १९८५ मध्ये डिस्नेनं पुढची गोष्ट आणली, आणि त्यात नाच-गाणी नाहीतच! पाचूची नगरी उजाड, सगळी माणसं दगडाची झालेली. अमेरिकेत सिनेमा सपाटून आपटला. मुलांसाठी फारच भयाण, असा शिक्का बसला तो बसलाच. दिग्दर्शक वॉल्टर मर्च ध्वनी आणि संकलनातले दिग्गज, पण त्यांनी त्यानंतर पुन्हा सिनेमा दिग्दर्शित केला नाही.

तरीही ज्यांनी तो लहानपणी पाहिला, त्यांच्या मनातून तो जात नाही. मी त्यातलीच एक. भाड्याचा व्हीसीआर, कुणाकडून तरी आलेली कॅसेट आणि इंग्रजीचं ज्ञान ‘येस-नो’पुरतं. पण चित्रं पुरेशी होती. हाताला-पायाला चाकं असलेले ते ‘व्हीलर्स’ किंचाळत यायचे, की आम्ही भावंडं एकाच चादरीत. आणि ती मोम्बी! कपाटांत ओळीनं ठेवलेली मुंडकी. आपण लग्नाला जाताना साडी निवडतो तसं ती डोकं निवडते. डोरोथीचं डोकं तिला आवडतं, पण ते अजून लहान. म्हणून मुलगी मोठी होईपर्यंत तिला कोंडून ठेवायचं ठरवते. तेव्हा हे सगळं थरारक वाटलं होतं. आता नीट विचार केला तर अंगावर काटा येतो, नाही का?

परवा हा सिनेमा पुन्हा पाहिला, या वेळी संवाद समजून. आणि खरं सांगू का, व्हीलर्स आले तेव्हा हसूच आलं. घाबरवलं ते पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांनी. त्यात राक्षस नाही, चेटकीण नाही. आहेत ती घरातलीच माणसं.

गोष्ट १८९९ ची, कॅन्सासमधली. वादळानं घर उडवून नेल्याला सहा महिने झालेत. नवं घर अर्धवट, हेन्री काकांचा पाय मोडलेला. घराचा सगळा भार एम काकूवर. आणि दहा-एक वर्षांची डोरोथी रात्र-रात्र जागी. बोलते ती फक्त ओझविषयी. तिला एक किल्ली सापडते. मित्रांनी ओझहून पाठवली, असं ती म्हणते. काकूच्या मते ती पडलेल्या जुन्या घराची किल्ली. काकू दुष्ट नाही बरं! ती थकलेली आहे, पोरीच्या काळजीनं पोखरलेली आहे. मग एक दिवस ती डोरोथीला विजेचे उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे घेऊन जाते आणि एका रात्रीसाठी तिथं सोडून येते.

विजेचा प्रवाह देऊन ‘नसांचे विकार’ बरे करण्याची त्या काळात खरोखरच चलती होती. सिनेमातला डॉक्टर ओरडत नाही, हसून बोलतो. ओझविषयी प्रश्न विचारतो, सगळं ऐकून घेतो, आणि मग उपचार ठरवतो तो हे सगळं डोक्यातून काढून टाकण्याचा. ऐकणं आणि विश्वास ठेवणं यात किती अंतर असतं, हे दाखवणारा इतका सरळ प्रसंग मी दुसऱ्या कुठल्याच बालचित्रपटात पाहिलेला नाही.

(इथं एक सांगायलाच हवं. मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणं म्हणजे हे नव्हे. आज आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. भूल दिल्याशिवाय विजेचे झटके देण्यावर त्यात बंदी आहे; अल्पवयीन मुलांना तर पालकांची संमती आणि संबंधित मंडळाची आधी परवानगी असल्याशिवाय ते देताच येत नाहीत. तेव्हा गरज असेल तर डॉक्टरकडे जरूर जा.)

ऐन वेळी वीज जाते, डोरोथी निसटते आणि ओझला पोहोचते. तिथं भेटतात ती सगळी ओळखीचीच माणसं. दवाखान्यातली करडी नर्स मोम्बी झालेली, डॉक्टर नोम राजा झालेला. स्ट्रेचरची कुरकुरणारी चाकं म्हणजे ते व्हीलर्स. आणि राजाचा अंत कशानं होतो? बिलिना कोंबडीच्या एका अंड्यानं! नोमांना अंडं म्हणजे विष. घरी असताना हीच कोंबडी अंडं देत नाही म्हणून नावाजलेली. हा भाग मला आजही भारी आवडतो.

पण शेवट मात्र आता टोचला. डोरोथी घरी परतते. आपल्या खोलीतल्या आरशात तिला ओझची राणी ओझ्मा दिसते. आनंदानं ती काकूला हाक मारते. ओझ्मा ओठांवर बोट ठेवते. काकू धावत येते, काय झालं विचारते, आणि डोरोथी म्हणते, काही नाही. काकूला वाटतं, पोर बरी झाली. बहुतेक प्रेक्षक याला गोड शेवट म्हणतात. मला तो गोड वाटत नाही. पोरगी बरी झालेली नाही. घरात काय बोलायचं नसतं, एवढं फक्त ती शिकलीय.

आपल्याकडे हे शिक्षण फार लवकर सुरू होतं. “त्या सरांच्या क्लासला नको जाऊ दे” म्हटलं की “अभ्यासाचा कंटाळा”. “त्यांच्या घरी मला नाही आवडत” म्हटलं की “काहीतरीच तुझं”. पोट दुखतं म्हटलं की नाटकं. आई वाईट नसते हो. गॅसवर दूध असतं, सासूबाईंच्या औषधाची वेळ झालेली असते. दोन-तीनदा असं झालं, की मुलगी सांगायचं बंद करते आणि आपण शेजारणीला म्हणतो, “आता किती समजूतदार झालीय!” मला या शब्दाचीच अलीकडे भीती वाटते. आणि आपलं स्वतःचं तरी काय? माहेरी फोनवर “मजेत आहे” म्हणणाऱ्या आपणही त्या आरशासमोरच्याच की.

गंमत म्हणजे मूळ लेखक एल. फ्रँक बॉम यांनी ही गोष्ट अशी सोडली नव्हती. त्यांच्या १९०० च्या पहिल्या पुस्तकात ओझ हे स्वप्न नाहीच, खरंखुरं ठिकाण आहे. स्वप्नाची कल्पना १९३९ च्या सिनेमाची. पुढे १९१० च्या ‘द एमराल्ड सिटी ऑफ ओझ’मध्ये हेन्री काकांचं कर्ज फिटत नाही, शेत जाणार हे दिसू लागतं. तेव्हा डोरोथी ओझ्माकडे शब्द टाकते आणि काका-काकूंना कायमचं तिकडे राहायला नेते. एम काकू त्या राजवाड्यात रेशमी कपड्यांत अवघडून जाते, आणि हातांना काम नाही म्हणून कासावीस होते.