पुनरावृत्ती हा दोष आहे काय?

मराठी समीक्षेत काही शब्द वर्णनासाठी नव्हे, तर निकाल देण्यासाठी वापरले जातात. ‘साचेबद्ध’ हा त्यांपैकी एक. तो एखाद्या रचनेला चिकटला की तिच्याविषयी अधिक काही बोलण्याची गरज उरत नाही. हा शब्द आपण तपासून वापरतो का, अशी शंका पूर्वीपासून होती. मुंबईत एका जॅझ-फंक वाद्यवृंदाचा कार्यक्रम प्रत्यक्ष ऐकल्यावर ती पक्की झाली.

त्या दिवशी हर्बी हॅनकॉक यांची ‘कमीलियन’ ही रचना वाजवली गेली. १९७३च्या ‘हेड हंटर्स’ या ध्वनिमुद्रिकेतील ही रचना पंधरा मिनिटांहून अधिक लांबीची आहे. तिचा सुरुवातीचा मोठा भाग खर्जातील एका छोट्या स्वराकृतीवर आणि दोनच स्वरसंघांवर उभा आहे. पाचेक मिनिटांनी शेजारी बसलेले प्राध्यापक मित्र कानाशी म्हणाले, ‘‘गिरणीचा पट्टा नुसता फिरतोय. यात घडतंय काय?’’ मित्र व्यासंगी आहेत. त्यांच्या प्रश्नामागे अडोर्नो उभा होता.

अडोर्नोचा आक्षेप क्षुल्लक नाही. ‘हेक्टर रॉटवायलर’ या टोपणनावाने १९३६मध्ये प्रसिद्ध केलेल्या जॅझवरील निबंधापासून १९४१च्या लोकप्रिय संगीताच्या विवेचनापर्यंत त्याचे म्हणणे साधारणतः असे : गंभीर संगीतात तपशिलाला समग्रातून अर्थ लाभतो; लोकप्रिय संगीतात सांगाडा आधीच ठरलेला असतो, तपशील अदलाबदल करण्याजोगा असतो आणि उत्स्फूर्त वादन हा वैयक्तिकतेचा केवळ आभास असतो. मात्र अडोर्नोचे निधन ६ ऑगस्ट १९६९ रोजी झाले आणि माइल्स डेव्हिसच्या ‘बिचेस ब्रू’चे ध्वनिमुद्रण १९ ऑगस्टला सुरू झाले. जे संगीत त्याने ऐकलेच नाही त्यावरचा अंतिम निकाल म्हणून त्याची वाक्ये उद्धृत करणे ही सैद्धांतिक शिस्त नव्हे, उसनवारी आहे.

अर्थात केवळ तारखांनी सिद्धांत खोटा ठरत नाही. तो अडचणीत येतो त्या सभागृहात घडलेल्या एका गोष्टीने. सॅक्सोफोनचे वादन रंगात आले असताना बेसवादकाने स्वराकृतीचा पहिला स्वर वाजवलाच नाही. जेम्स ब्राउनने फंकचा सारा भार ज्या पहिल्या मात्रेवर आणला, नेमकी तीच मात्रा मोकळी राहिली. तरीही सभागृहातल्या माना त्या क्षणी खाली गेल्या. न वाजलेला स्वर सर्वांनी ऐकला होता. पुढच्या आवर्तनात सॅक्सोफोनवादकाने आपले वाक्य मध्येच तोडून त्या रिकाम्या जागेत एकच स्वर ठेवला. हेच मौन पहिल्या आवर्तनात आले असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते; इतक्या आवर्तनांनंतर ते अर्थपूर्ण ठरले. म्हणजे येथे तपशील अदलाबदल करण्याजोगा नव्हता. सांगाडाही आयता नव्हता; वादक आणि श्रोते मिळून तो क्षणोक्षणी उभा करीत होते.

प्रश्न फंकपुरता असता तर तो येथे मांडण्याचे कारण नव्हते. जात्यावरच्या ओवीलाही आपण हाच शब्द लावला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आपण त्यांना ‘लोकसाहित्य’ या कप्प्यात ठेवले. काव्याच्या रूपविचारात त्यांना क्वचितच जागा दिली. कारण? तीच संबोधने, त्याच सुरुवाती, तोच घाट. पण ठरलेल्या ओळीतला एखादाच शब्द बदलून बाई जे सांगते, ते ऐकण्यासाठी आधीची ओळ कानात रुजलेली असावी लागते. दळताना ऐकणारीच्या कानात ती असते. समीक्षक मात्र छापील पानावर ओवी एकदा वाचतो आणि ‘साचेबद्ध’ म्हणून मोकळा होतो. विशेष म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल ही मर्ढेकरांची लयतत्त्वे आपण वर्षानुवर्षे शिकवीत आलो. संवाद प्रस्थापित झाल्यावाचून विरोध जाणवत नाही, एवढे सूत्र जरी त्यांतून घेतले असते, तरी पुनरावृत्तीला सरसकट दोष म्हणण्याची वेळ आली नसती.

फ्यूजनमध्ये बाजार नाही, असा दावा येथे नाही. त्याच ‘हेड हंटर्स’मधील ‘वॉटरमेलन मॅन’च्या आरंभी बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकर घालून मध्य आफ्रिकेतील पिग्मींच्या वादनाचे अनुकरण करतात. कोणी कोणाकडून काय घेतले आणि मोबदला कोणाला मिळाला, हा प्रश्न टाळता येणार नाही. परंतु तो मालकीचा आणि न्यायाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘साचेबद्ध’ या शब्दाने मिळत नाही. उलट त्या शब्दाने चौकशीच थांबते.

म्हणून मागणी साधी आहे. एखाद्या रचनेला साचेबद्ध ठरविण्यापूर्वी समीक्षकाने ती किती वेळा आणि कोठे ऐकली, एवढे तरी सांगावे.