वॉटरडीपमध्ये आपलं कोण राहतं?

डंजन्स अँड ड्रॅगन्समधला राक्षस कसा दिसतो, माहीत आहे? डोकं वाघाचं आणि तळहात उलटे. १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'नुसार त्याला मारायचा खात्रीचा उपाय म्हणजे पाद्र्याने मंतरलेला क्रॉसबोचा बाण. हे रामायणातून आलेलं नाही. 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' नावाच्या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या एका भागात राक्षस असाच बाण खाऊन मरतो, तिथून ते उचललं. आपल्याकडे भुतांचे पाय उलटे असतात, सातासमुद्रापार जाता जाता हात उलटे झाले असावेत!

यावर चिडायचं कारण नाही. त्यांनी त्यांच्या टेबलासाठी, त्यांच्या टीव्हीवर जे दिसलं त्यातून बनवलं. माझं भांडण आपल्याशी आहे. तोच वाघतोंड्या राक्षस आपण पुण्यात-ठाण्यात बसून, काही हजारांचं पुस्तक मागवून, निमूटपणे खेळतो.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण एकेक पात्र घेतात. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, प्रसंग उभा करतो आणि विचारतो, "तुम्ही काय करता?" अवघड गोष्टींचा निकाल वीस बाजूंच्या फाशावर लागतो. हे सगळं घडायला एक जग लागतं. ते विकत आणायचं की घरी बनवायचं, हा वाद खेळाइतकाच जुना. माझं म्हणणं: घरी बनवा.

मुळात विकतची बहुतेक जगं कुणाच्या तरी घरचीच आहेत. १९७४ साली पहिला डबा आला त्यात तीन पुस्तिका होत्या, तयार जग नव्हतं. ते तुम्हीच करायचं होतं. ग्रेहॉक हे गॅरी गायगॅक्सच्या घरच्या खेळाचं जग, ब्लॅकमूर डेव्ह आर्नेसनच्या. 'बाल्डर्स गेट ३'मुळे जे आज सगळ्यांना ठाऊक झालंय, ते फरगॉटन रेल्म्स एड ग्रीनवुड या कॅनडातल्या ग्रंथपालाने शाळकरी वयात रचायला घेतलं होतं. टीएसआर कंपनीने १९८७मध्ये ते बाजारात आणलं. एक्झँड्रिया मॅथ्यू मर्सरने मित्रांसोबत खेळता खेळता घडवलं. म्हणजे आपण विकत घेतो ते दुसऱ्यांच्या टेबलावरचं उरलेलं. चविष्ट असेलही, पण उरलेलंच.

त्याची किंमत कुठे मोजावी लागते ते सांगतो. पहिली भाषेत. समोसे फिरत असतात, कुणाच्या तरी मॅनेजरचा उद्धार चालू असतो, सगळं झकास मराठीत. डीएमने पडदा उभा केला की टेबल एकदम इंग्रजीत जातं. "यू एंटर अ टॅव्हर्न." मघाशी ज्याचं तोंड बंद होत नव्हतं तो आता "आय अटॅक"च्या पलीकडे बोलत नाही. वॉटरडीपच्या कोतवालाशी हुज्जत मराठीत घालता येत नाही, कारण तो कोतवालच नसतो मुळी.

दुसरी किंमत माहितीची. वॉटरडीपबद्दल ज्याने विकी जास्त वाचली तो टेबलावरचा शहाणा, बाकीचे श्रोते. तेच डीएमने विचारलं की वेशीबाहेरच्या पिंपळावर कोण आहे, तर पाचही जणांकडे उत्तर असतं. सावंतवाडीचा देवचार सांगतो, कुणी आजीने पाहिलेला चकवा सांगतं, आणि मुंजा कुठे बसतो यावर दोघांची जुंपते. ही सगळी माणसं त्या जगाची जाणकार असतात.

पण होमब्रूच्या नावाखाली बरेचदा जे चालतं तेही मला मान्य नाही. एल्फला यक्ष म्हटलं, ऑर्कला असुर, टॅव्हर्नला धर्मशाळा, झालं घरचं जग! हे म्हणजे नुसतं व्हेरिएबलचं नाव बदलणं, कोड तोच. मुंज्याला हिट पॉइंट्स लावून तलवारीने कापला तर तो मुंजा राहिला कुठे? मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत मेला, अशा पोराचं ते भूत. हडळ म्हणजे अनेक ठिकाणच्या समजुतीप्रमाणे बाळंतपणात गेलेली बाई. आपल्या भुतांचं काहीतरी राहून गेलेलं असतं. त्यांना मारायचं नसतं, काय राहिलं ते शोधायचं असतं. एवढं मानलं तरी खेळाचे नियम बदलावे लागतात.

आणि मुंजा, ब्रह्मराक्षस ही नावं नीट ऐका. आपल्या भुतांनासुद्धा जात आहे.

खरी अडचण इथे सुरू होते, आणि विकतचं जग आपल्याला इतकं सोयीचं का वाटतं तेही इथेच कळतं. टॅव्हर्न ही ड्रॅगनपेक्षा मोठी कल्पनारम्य गोष्ट आहे: परका माणूस आत येतो, हव्या त्या बाकावर बसतो, समोर आलेलं खातो. आडनाव कुणी विचारत नाही. आपल्या गावात गोष्ट नेली की पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा पाणवठ्याचा. १९२७ साली महाडला हजारो माणसं चवदार तळ्यापर्यंत चालत गेली ती ओंजळभर पाणी प्यायला. या मातीतल्या साहसकथेला ड्रॅगन कशाला हवा?

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा: आडनाव विसरायलाच कुणीतरी या टेबलावर येत असेल, त्याच्यासमोर पुन्हा तेच ताट का वाढायचं? हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. पहिल्या सेशनआधी सगळ्यांना विचारा, आणि कुणी नको म्हटलं तर कारण न मागता विषय सोडा. तुमच्या गावात काय असेल, काय नसेल हे तुम्ही ठरवू शकता. वॉटरडीपचं दुसऱ्याने ठरवून ठेवलंय.

"नोकरी करून जग बनवायला वेळ कुणाला?" हा आक्षेप मात्र फुसका आहे. जग नका बनवू. एक गाव बनवा: वेस, विहीर, आठवडी बाजार, दोन जुनी भांडणं. पुढच्या सेशनपुरतं लिहा. दोनशे पानांचा वंशवृक्ष लिहून ठेवणारे डीएम मी पाहिलेत. त्यांची पानं आमच्या ऑफिसातल्या डिझाइन डॉक्युमेंटसारखी, लिहिणाऱ्याशिवाय कुणी उघडत नाही. नियमांची चिंता नको. २०२३च्या जानेवारीत परवान्यावरून गदारोळ झाल्यावर कंपनीने खेळाचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुले केले. ते फुकट घ्या. नमुना हवा असेल तर २०२२च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल'मधली मिमी मंडल यांची मोहीम वाचा. बंगालच्या वळणाचं ते जग आहे. सांगलीचं त्या लिहिणार नाहीत, आणि त्यांनी का लिहावं?

आमच्या टेबलावरच्या गावात विहीर सगळ्यांची आहे, असं पहिल्याच सेशनला एकमताने ठरलं. तिसऱ्या सेशनला एकीने विचारलं, "सगळ्यांची कधीपासून?" कुणालाच सांगता आलं नाही. गेले चार महिने आम्ही तेच शोधतोय. विहिरीत कुणीतरी आहे, एवढं आत्तापर्यंत कळलंय.