काटकसर : मालाची की माणसाची?

‘लीन’ हा इंग्रजी शब्द अलीकडे आपल्या भागातल्या कारखान्यांत चांगलाच रुळला आहे. अंबरनाथची आनंदनगर वसाहत घ्या की बदलापूरची मानकिवली घ्या, कुठल्या ना कुठल्या शेडच्या भिंतीवर ‘फाइव्ह एस’चा रंगीत तक्ता लावलेला आढळतो. शब्दकोशात ‘लीन’चा अर्थ सडपातळ असा आहे. कारखान्याच्या भाषेत त्याचा अर्थ असा की, ज्या कामासाठी गिऱ्हाईक पैसे देत नाही ते काम वाया जाते असे समजावे आणि ते शोधून बंद करावे. आपल्या आयाबाया यालाच काटकसर म्हणतात.

हा विषय वाणिज्य शाखेचा आहे, कला शाखेच्या विद्यार्थिनीने त्यात नाक खुपसू नये, असे कोणी म्हणेल. परंतु कारखान्यात यंत्रांच्या जोडीला माणसेही असतात. माणसांचा विचार करायला शिकवते तीच कला शाखा, अशी माझी समजूत आहे. शिवाय उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांत ज्या घराची चूल कारखान्यावर पेटत नाही असे घर विरळाच. तेव्हा या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा आपल्यालाही अधिकार आहे.

या पद्धतीचा जन्म मोटारीच्या कारखान्यात झाला असे सांगतात. पण तिचे मूळ कापडात आहे, हे आपण उल्हासनगरकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ साली एक स्वयंचलित माग तयार केला. सूत तुटले की तो माग आपोआप थांबत असे, त्यामुळे खराब कापड पुढे विणलेच जात नसे. पुढे टोयोटा मोटार कंपनीत ज्यांनी ही पद्धत बसवली ते ताइची ओनो हेही आधी टोयोडांच्या कापड गिरणीतच होते. १९४३ साली ते मोटार कारखान्यात आले. १९५६ साली अमेरिकेला गेले असता त्यांनी तिथल्या मोठ्या दुकानांचा अभ्यास केला. फळीवरची वस्तू गिऱ्हाइकाने उचलली की तेवढीच नवी ठेवायची, ही तिथली रीत त्यांना फार पटली. या पद्धतीला ‘लीन’ हे नाव मात्र १९८८ साली एका अमेरिकन संशोधकाच्या लेखातून मिळाले.

ओनो यांनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले. गरजेपेक्षा जास्त उत्पादन, खोळंबा, मालाची ने-आण, नको तितकी प्रक्रिया, साठा, माणसाची विनाकारण हालचाल आणि सदोष माल. हे सातही प्रकार पाहायला जपानला जायला नको. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर पाचकडे एखाद्या सकाळी फेरफटका मारावा. जीन्सचे कापड एका गाळ्यात कापले जाते, शिलाईला दुसरीकडे जाते, धुलाईला तिसरीकडे आणि बटणे व रिबिटे ठोकायला चौथीकडे. प्रत्येक दारात गठ्ठ्यांचा ढीग! टेंपो वेळेवर आला नाही तर शिलाईवाला बसून राहतो, आणि आला तर रात्र जागवतो. कापतानाच कंबरेचे माप चुकले असेल तर ते कळते शेवटच्या गाळ्यात, म्हणजे शेकडो नग शिवून झाल्यावर. सूत तुटताच थांबणारा माग इथे नाही. तुटलेले सूत थेट दुकानापर्यंत पोहोचते.

म्हणून मी या पद्धतीच्या विरोधात मुळीच नाही, हे आधीच स्पष्ट करते. लहान उद्योगाला तिची खरी गरज आहे. सरकारनेही हे ओळखले आहे. लघुउद्योगांसाठी केंद्र सरकारची ‘लीन’ योजना २००९ सालापासून प्रायोगिक स्वरूपात होती. १० मार्च २०२३ रोजी ती नव्या रूपात सुरू झाली. त्या वेळी या खात्याचे मंत्री आपल्या कोकणातलेच नारायण राणे होते. सल्लागाराच्या खर्चाचा सरकारी वाटा पूर्वी ८० टक्के होता, तो नव्या योजनेत ९० टक्के करण्यात आला. मूलभूत, मध्यम आणि प्रगत अशा तिच्या तीन पायऱ्या आहेत. कागदावर तरी योजना उत्तम आहे.

आता कागदावरून कारखान्यात येऊ. माझी आई अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे कारखाने कितीतरी आहेत. दोन वर्षांपूर्वी तिथे ही पद्धत आली. आधी रिकामी खोकी शेडच्या दुसऱ्या टोकाला असत. प्रत्येक वेळी बायका उठून जात, वाकून खोकी उचलत आणि परत येत. सल्लागारांनी खोकी हाताच्या अंतरावर आणून ठेवली. आईचे कंबर दुखणे त्या महिन्यापासून कमी झाले, ही गोष्ट मी कधीच नाकारणार नाही. गंमत एवढीच, की “खोकी जवळ ठेवा” असे आई आणि तिच्या मैत्रिणी सुपरवायझरला कितीतरी दिवसांपासून सांगत होत्या. तेव्हा ते कोणाच्या कानावर गेले नाही. तेच वाक्य बाहेरून आलेल्या साहेबांनी इंग्रजीत म्हटले तेव्हा त्याला शास्त्र म्हणण्यात आले.

पुढचा महिना मात्र वेगळा उगवला. बसायची स्टुले काढून टाकण्यात आली. उठबस करण्यात वेळ जातो, उभ्याने हात लवकर चालतो, असे कारण सांगितले. खोक्यांकडे जाण्याचा वेळ वाचला होता, म्हणून सहा जणींचे काम चौघींत भागेल असा हिशेब निघाला. दोघी कंत्राटी होत्या, त्यांना “उद्यापासून येऊ नका” असा निरोप मिळाला. आई घरी आली आणि एवढेच म्हणाली, “खोकी जवळ आली, पण मंदा लांब गेली गं.” (नाव मी बदलले आहे.) काटकसर कुठे संपते आणि कद्रूपणा कुठे सुरू होतो, हे मला त्या वाक्याने जेवढे शिकवले तेवढे अर्थशास्त्राच्या पुस्तकाने शिकवलेले नाही.

यात नवे काहीच नाही, हेही आपण इतिहासाचे विद्यार्थी म्हणून जाणले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत ‘कार्यक्षमता’ हाच शब्द घेऊन मालक एकदा आले होते. दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, कताईत एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळा, अशा योजना त्यांनी आणल्या. १९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी जवळजवळ सहा महिने संप केला, त्यामागचे एक मोठे कारण हेच होते. ‘काम वाढले, हात कमी झाले, मग वाचलेला पैसा गेला कुठे?’ हाच त्या झगड्यामागचा प्रश्न होता. जवळजवळ शंभर वर्षांनी तोच प्रश्न जपानी तक्त्याच्या आडून आपल्याकडे पाहतो आहे.

त्याहीपूर्वी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या होत्या. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. आज कोणताही मालक रविवारला वाया गेलेला दिवस म्हणत नाही. सहा दिवस राबणाऱ्या शरीराला सातवा दिवस लागतो, हे सर्वांना पटले आहे. मग आठ तास उभ्या राहणाऱ्या बाईला स्टूल लागते, हे पटायला इतके अवघड का जावे? यंत्राला तेल घालण्यात जाणारा वेळ कोणी वाया गेला म्हणत नाही, मग बाईने घटकाभर टेकण्यालाच तसे का म्हणावे?

काही जण म्हणतील, जपानमध्येही हेच झाले असेल. तिथे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९५० साली टोयोटा कंपनी बुडायच्या बेताला आली होती. कामगार कपातीवरून मोठा संप झाला आणि दीड हजारांहून अधिक लोकांना नोकरी सोडावी लागली. पण त्याच वेळी कंपनीचे अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनीही जबाबदारी स्वीकारून पद सोडले. पुढे १९६२ साली कंपनी व कामगार संघटना यांनी परस्परविश्वासाचा संयुक्त जाहीरनामा काढला. तिथल्या कारखान्यात काही बिघाड दिसला तर साध्या कामगाराने दोरी ओढून संपूर्ण रांग थांबवायची असते. त्याला त्याबद्दल बोलणी बसत नाहीत. २००१ साली टोयोटाने आपली तत्त्वे लिहून काढली, तेव्हा त्यांचे दोनच खांब ठरवले : अखंड सुधारणा आणि माणसाचा मान.

आपल्याकडे पहिला खांब आला, दुसरा वाटेतच राहिला. आपल्या किती कारखान्यांत कंत्राटी कामगार रांग थांबवू शकेल? तक्ता आहे, पण तो इंग्रजीत आहे आणि त्यावरचे शब्द जपानी आहेत. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. आईने मोबाइलवर त्याचा फोटो काढून आणला आणि मी तो तिला समजावून सांगितला : नको ते काढा, हवे ते जागेवर ठेवा, स्वच्छ करा, हीच रीत कायम करा, शिस्त पाळा. ती हसून म्हणाली, “अगं, हे तर आपले फडताळ आहे!” वीतभर स्वयंपाकघरात पाच माणसांचा संसार मांडणारी बाई या शास्त्रात कच्ची नसते. ते तिच्या भाषेत तिला कोणी सांगत नाही आणि तिला विचारत नाही, एवढेच.

दुसरी एक गोष्ट. साठा मुळीच ठेवू नये, माल अगदी वेळेवर यावा, हे तत्त्व ऐकायला गोड आहे. पण १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये आइसिन या कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि ब्रेकचा एक लहानसा भाग मिळेना, तेव्हा टोयोटाचे देशातले जवळजवळ सर्व कारखाने काही दिवस बंद पडले. आणि आपण तर उल्हास नदीच्या काठचे लोक. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होडीतून काढावे लागले, हे आपल्यापैकी कोण विसरेल? जिथे पावसाळ्यात लोकलचाच भरवसा नाही, तिथे चार दिवसांचा कच्चा माल आणि दोन जादा हात यांना वायफळ म्हणता येणार नाही. पावसाळ्यापूर्वी घरात तांदूळ, सरपण भरून ठेवणारे आपले पूर्वज काही उधळे नव्हते.

तिसरी गोष्ट वालधुनीची. सात प्रकारांच्या यादीत नदीत सोडलेला रंग कुठे बसतो? २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल मोठा दंड ठोठावला. जो रंग नाल्यात वाहून जातो तो पैसे देऊन विकत घेतलेला असतो. खोक्यापर्यंतची बाईची चार पावले ज्यांना दिसतात, त्यांना हा वाहता रंग का दिसत नाही? कारण उघड आहे. पावलांचा पगार मालक देतो, नदीची किंमत मात्र गाव देते.

मालकांचीही बाजू आहे, ती न मांडणे अन्यायाचे होईल. लहान मालकाचे पैसे मोठ्या कंपन्या महिनोन्‌महिने अडकवून ठेवतात. वीज महाग, रस्ते खराब, स्पर्धा चीनशी. त्याला चार पैसे वाचवल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि कारखानाच बंद पडला तर चौघींचीही नोकरी जाईल. हे मला मान्य आहे. परंतु याच कारणासाठी मी म्हणते की, बायका बोलतील अशी व्यवस्था त्याने केली पाहिजे. आज खोकी जवळ आणण्याची युक्ती सुचवल्यामुळे मैत्रिणीची नोकरी जाणार असेल, तर उद्या दुसरी युक्ती कोण सुचवेल? सर्व जणी तोंडाला कुलूप लावून बसतील, आणि मग सल्लागार कितीही आणा, सुधारणा पहिल्याच महिन्यात थांबेल. माणसाला घालवणारी काटकसर शेवटी मालकालाच महाग पडते.

तेव्हा माझे म्हणणे तीन वाक्यांत सांगते. सरकार ज्या योजनेत ९० टक्के खर्च उचलते, तिच्यात सुधारणेमुळे कोणाचीही, कंत्राटी असली तरी, नोकरी जाणार नाही अशी अट असावी. वाचलेल्या पैशांतला काही हिस्सा पगारात आणि एखादे स्टूल घेण्यात खर्च व्हावा. तक्ता मराठीत व हिंदीत असावा आणि तो लावण्याआधी त्या जागी काम करणाऱ्यांना विचारलेले असावे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बरेच जण पदवी हातात पडल्यावर याच वसाहतींत जाणार आहेत. कोणी हजेरी लिहील, कोणी सुपरवायझर होईल, कोणी स्टोअर सांभाळील. तेव्हा तुमच्या हातात एक कागद येईल आणि ‘या खात्यात वाया काय जाते ते लिहा’ असे सांगितले जाईल. तो कागद भरताना खोकी मोजा, पावले मोजा, नाल्यात जाणारा रंगही मोजा. माणसाचे नाव मात्र त्या रकान्यात लिहू नका.