‘लिहिले’ या शब्दाची जबाबदारी

संगणकाच्या पडद्यावर ‘सेव्ह झाले’ अशी अक्षरे उमटली की आपला मजकूर डिस्कवर सुखरूप पोहोचला, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुष्कळदा खरा ठरतो. पण नेहमीच खरा असतो असे नाही. प्रोग्रामने मजकूर स्वाधीन करणे, तो डिस्कच्या यंत्रापर्यंत पोहोचणे आणि वीज गेल्यानंतरही परत वाचता येईल अशा रीतीने तो टिकणे, या तीन निरनिराळ्या अवस्था आहेत. या तिन्हींना आपण ‘लिहिले’ हे एकच क्रियापद लावतो. ज्या नोंदींवर लोकांची मालमत्ता, शिक्षण आणि हक्क अवलंबून आहेत, त्या सांभाळणाऱ्या यंत्रणेने तिसरी अवस्था गाठल्यावाचून ‘लिहिले’ असे म्हणू नये, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नव्हे. 2015 सालच्या डिसेंबरच्या आरंभी चेन्नई शहराचा मोठा भाग अतिवृष्टीने पाण्याखाली गेला आणि अनेक वस्त्यांचा वीजपुरवठा खबरदारी म्हणून तोडावा लागला. घरोघरची शिधापत्रिका, गुणपत्रिका, जमिनीचे दस्त असे कागद भिजले अथवा वाहून गेले, आणि त्यांच्या प्रती पुन्हा मिळाव्यात म्हणून शासनास विशेष शिबिरे भरवावी लागली. अशा प्रसंगी दुसरी प्रत देता येते ती कचेरीतील मूळ नोंद शाबूत असते म्हणूनच. परंतु ज्या पावसात नागरिकाचा कागद वाहून जातो, त्याच पावसात कचेरीची वीजही जाऊ शकते. त्या क्षणी संगणकात अर्धवट उतरलेल्या नोंदीचे काय होते, हे जाणून घेण्याचा अधिकार त्या नागरिकास आहे.

प्रथम नेहमीची रीत पाहू. प्रोग्राम ‘लिही’ अशी आज्ञा देतो, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम तो मजकूर बहुधा आपल्या मेमरीत ठेवून घेते आणि ‘झाले’ असे उत्तर देते. डिस्कवर तो मागाहून, सवडीने उतरतो. लिनक्स प्रणालीच्या प्रचलित मांडणीत असा मजकूर सुमारे 30 सेकंदांपर्यंत मेमरीतच राहू शकतो. यात लबाडी नाही. डिस्क मेमरीच्या मानाने फार मंद असते. पुष्कळ लहान लेखने एकत्र करून उतरविली तर सर्वांचेच काम जलद होते. मात्र त्या अर्ध्या मिनिटात वीज गेली, तर ‘झाले’ म्हणून सांगितलेले काम झालेलेच नसते.

यावर उपाय म्हणून काही प्रोग्राम, विशेषतः मोठे डेटाबेस, मधली मेमरी वगळून मजकूर सरळ डिस्ककडे पाठवितात. यास थेट लेखन म्हणता येईल. त्याचे नियम कडक आहेत. मजकुराची लांबी, फाईलमधील त्याचे स्थान आणि मेमरीतील त्याचा पत्ता ही सर्व डिस्कच्या ठोकळ्याच्या मापात, म्हणजे सामान्यतः 512 किंवा 4096 बाइटांच्या पटीत बसावी लागतात. एकाच फाईलवर एका प्रोग्रामने नेहमीच्या रीतीने आणि दुसऱ्याने थेट लिहू नये. तसे केल्यास मेमरीतील प्रत जुनी आणि डिस्कवरील नवी, असा घोटाळा होण्याचा संभव राहतो.

तथापि ‘थेट’ या शब्दाने आपली फसगत होऊ देता कामा नये. डिस्कच्या यंत्राच्या पोटातही एक लहानशी मेमरी असते, आणि तिच्यात मजकूर येताच पुष्कळ डिस्का ‘मिळाले’ असे कळवितात. वीज जाताच ती मेमरीही रिकामी होऊ शकते. म्हणून थेट लेखनानंतरही ‘एफसिंक’ नावाची वेगळी आज्ञा देऊन सर्व काही कायमच्या पृष्ठावर उतरल्याची खात्री करून घ्यावी लागते. फाईल नवी असेल, तर तिचे नाव ज्या यादीत नोंदले जाते त्या यादीचीही तशीच खात्री करावी लागते. नाहीतर मजकूर आहे पण त्याचा पत्ता नाही, अशी अवस्था व्हायची.

फाईल-व्यवस्थेचे कर्तव्य येथेच सुरू होते, आणि ते आपल्या जुन्या पेढ्यांस अपरिचित नव्हते. दिवसाचा व्यवहार प्रथम रोजकीर्दीत घडल्या क्रमाने मांडायचा आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा, ही आपली जमाखर्चाची रीत. खतावणी करता करता दिवा विझला, तरी रोजकीर्दीवरून ती पुरी करता येते. आधुनिक फाईल-व्यवस्था हेच करतात. लिनक्सच्या मुख्य प्रणालीत 2001 साली दाखल झालेली ‘ईएक्सटी3’ आणि तिची वारस ‘ईएक्सटी4’ या दोन्ही अशी रोजकीर्द ठेवतात. मात्र नेहमीच्या मांडणीत त्या रोजकीर्दीत मजकूर नसतो; कोणती फाईल केवढी आणि तिचे ठोकळे कोठे आहेत, एवढाच हिशेब असतो. म्हणून मजकूर आधी आणि हिशेब मागाहून, हा क्रम पाळणे अत्यावश्यक ठरते.

हा क्रम मोडला तर काय घडते? समजा, एका फाईलला डिस्कवर नवा ठोकळा दिला, ‘येथे मजकूर आहे’ अशी नोंद केली आणि मजकूर पोहोचण्यापूर्वीच वीज गेली. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर त्या ठोकळ्यात जे पूर्वीपासून पडलेले असेल तेच वाचावयास मिळेल. ते कदाचित दुसऱ्या कोणाच्या पुसून टाकलेल्या फाईलचे अवशेष असतील. एकाची गुणपत्रिका उघडावी आणि तीत दुसऱ्याचे खाजगी पत्र दिसावे, असा हा प्रकार आहे. हे टळावे म्हणून ईएक्सटी4 नव्या ठोकळ्यावर प्रथम ‘अलिखित’ अशी खूण करते, मजकूर खरोखर उतरल्यावरच ती खूण काढते, आणि तोवर कोणी वाचू गेल्यास केवळ शून्ये देते. तसेच, एखाद्या फाईलचा भाग कापून तिचे ठोकळे मोकळे करण्यापूर्वी, त्या ठोकळ्यांकडे निघालेली थेट लेखने पुरी होईपर्यंत थांबावे लागते. न थांबल्यास तो ठोकळा दुसऱ्या फाईलच्या वाट्यास जातो आणि उशिरा पोहोचलेला मजकूर तिच्यावर उमटतो.

चूक झाली असता ती कबूल करणे, हाही या जबाबदारीचाच भाग आहे. 2018 साली ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसच्या कर्त्यांच्या ध्यानी एक गंभीर गोष्ट आली. डिस्कने लेखन नाकारले, तर लिनक्स ते एकदा कळवीत असे. परंतु डेटाबेसने एफसिंकची आज्ञा पुन्हा दिली असता उत्तर ‘यशस्वी’ असे येई, आणि मजकूर मात्र डिस्कवर कधीच पोहोचलेला नसे. 2019 साली त्यांनी नियम बदलला: असे अपयश कळताच पुन्हा प्रयत्न न करता डेटाबेसने थांबावे आणि आपल्या रोजकीर्दीवरून नव्याने उभे राहावे.

थांबण्याची किंमत असते हे खरे. ती कशी असते, हे मुंबईने 24 फेब्रुवारी 2021 रोजी अनुभवले. त्या काळी राष्ट्रीय शेअर बाजाराचे मुख्य केंद्र वांद्रे-कुर्ला संकुलात, निकटचे पर्यायी केंद्र कुर्ल्यास आणि दूरचे चेन्नईस होते. या अंतरांमागे भौतिकशास्त्र आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई-चेन्नई हे अंतर सरळ रेषेतही 1000 किलोमीटरहून अधिक आहे. म्हणजे ‘पोहोचले’ हे उत्तर परत येण्यास निदान 10 मिलिसेकंद लागणार. कुर्ल्याहून तेच उत्तर मिलिसेकंदाच्या अल्पांशात येते. म्हणून प्रत्येक नोंदीची तत्काळ दुसरी प्रत जवळच्या केंद्रातच ठेवणे परवडते. त्या दिवशी या दोन जवळच्या केंद्रांमधील दुवे अस्थिर झाले. तसे झाले तरी मुख्य केंद्रातील साठवण-यंत्रणा चालू राहावी, अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. जोखमीवर देखरेख करणारी प्रणाली बंद पडली आणि 11 वाजून 40 मिनिटांनी बाजार थांबवावा लागला. तो दुपारी पावणेचार वाजता पुन्हा उघडला. देखरेखीवाचून व्यवहार चालू ठेवण्यापेक्षा थांबणे योग्यच होते. परंतु दुवा तुटला असता यंत्रणा काय करील, हे कागदावरील रचनेवरून ठरत नाही. तो दुवा आधी मुद्दाम तोडून पाहावा लागतो.

इतकी खात्री करीत बसल्यास काम मंदावेल, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. मिनिटास 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास सुमारे 8 मिलिसेकंद लागतात. प्रत्येक नोंदीसाठी एकेक फेरा थांबावयाचे म्हटले, तर सेकंदास सव्वाशेही नोंदी होणार नाहीत. पण अनेक नोंदींची खात्री एकाच वेळी करता येते, आणि चांगले डेटाबेस तसे करतातच. शिवाय प्रत्येक मजकुरास एवढ्या काटेकोरपणाची गरज नसते. चित्रपटाची प्रत उतरविताना मध्येच खंड पडला तर ती पुन्हा उतरविता येते. जन्ममृत्यूच्या नोंदीचे तसे नाही. म्हणून सार्वजनिक कार्यालयांनी संगणक-व्यवस्था विकत घेताना वेगाची चौकशी करावी, तशीच आणखी एक करावी: लेखन चालू असताना वीज तोडून आपण ही व्यवस्था तपासली आहे काय? या प्रश्नाचे लेखी उत्तर करारात असावे.

भाषेचेही येथे काही कर्तव्य आहे. ‘सोपविले’, ‘पोहोचले’ आणि ‘टिकले’ ही तीन साधी क्रियापदे आपल्याजवळ आहेत. शाळेत संगणक शिकविताना ती तीन अवस्थांसाठी वेगवेगळी वापरावीत. ग्रंथालयात पेनड्राइव्ह ओढून काढण्यापूर्वी ‘सुरक्षितपणे काढा’ ही आज्ञा का द्यावयाची, हे या शब्दांनी लहान मुलासही समजेल: मजकूर सोपविला आहे, तो टिकेपर्यंत थांबावयाचे आहे. आज हे थांबणे ज्याला उमगले, तो उद्या एखाद्या कचेरीची नोंदवही सांभाळू लागला म्हणजे योग्य तो प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नाही.