झाडाच्या ढोलीत सिमेंट कशाला?

जुन्या झाडाच्या बुंध्यात मोठी ढोली दिसली की कुणीतरी हमखास सुचवतं, "साप शिरेल, झाड पडेल, गवंड्याला बोलावून सिमेंट भरून टाका." दात किडला की आपण भरून घेतो, तसंच हे! ऐकायला शहाणपणाचं वाटतं.

ही कल्पना जुनी आहे. मूळचे इंग्लंडचे माळी जॉन डेव्ही यांचं 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक १९०१ मध्ये अमेरिकेत निघालं. त्या काळात आणि पुढेही कितीतरी वर्षं तिकडे ढोल्या खरवडून त्यात काँक्रीट भरायची पद्धत होती. मग तिथल्याच वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आतून पाहिली. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, हे त्यांनी दाखवलं. कुजलेलं लाकूड पुन्हा निरोगी होत नाही. झाड त्या भागाभोवती एक भिंतच घालतं, कीड तिथेच कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत जातं. १९७७ मध्ये शिगोंनी हे सविस्तर मांडलं.

आता विचार करा, सिमेंट भरण्याआधी 'साफसफाई' म्हणून ताजं लाकूड लागेपर्यंत ढोली खरवडली तर काय होईल? झाडाने कष्टाने उभी केलेली भिंतच फुटते आणि बुरशीला आत जायला वाट मिळते. साचलेलं पाणी काढायला खोडाला भोक पाडलं तरी तेच.

त्यानंतरचा त्रास सिमेंटचा. वाऱ्यात खोड डोलतं, सिमेंट जागचं हलत नाही. दोन्ही एकमेकांवर घासतात, मध्ये फट पडते, फटीत पावसाचं पाणी मुरतं. उघड्या ढोलीला निदान वारा लागतो. इथे ओल कोंडून राहते. वरून गिलावा गुळगुळीत असल्यामुळे आत किती कुजलंय हे मात्र कुणालाच दिसत नाही. मला यातलं हेच सगळ्यात वाईट वाटतं.

"पण पोकळ झाड पडणार नाही का?" बांबू आठवा. गोल नळीचं गणित असं, की मधला ७० टक्के व्यास पोकळ असला तरी वाकण्याविरुद्धची ताकद सुमारे तीन चतुर्थांश उरते. ढोलीचं तोंड एका बाजूला मोठं उघडं असेल तर ती कमी होते, म्हणून तपासणी हवीच. पाणी वर नेणारं जिवंत लाकूड सालीच्या आत, बाहेरच्या थरात असतं. त्यामुळे गाभा गेलेली झाडंही वर्षानुवर्षं फुलतात. कोलकात्याजवळ शिबपूरच्या बागेतल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीने पोखरलं होतं, ते १९२५ मध्ये काढून टाकलं. पारंब्यांच्या आधारावर तो वड आजही पसरतोच आहे. अर्थात ही सोय वडाची, आंब्या-चिंचेला पारंब्या कुठून येणार!

आणि ढोली रिकामी असते असं कुणी सांगितलं? पोपट, पिंगळा, तांबट, खार यांची ती घरं. धनेशाची मादी तर अंडी घालताना ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. नर फटीतून चारा भरवतो. गवंड्याची थापी फिरण्याआधी आत कोण आहे हे कुणी बघतं का?

मग करायचं काय? ढोली तशीच राहू द्या. तिच्यात कचरा पेटवू नका. बुंध्याभोवती फरशी किंवा काँक्रीट घातलं असेल तर ते जपून काढा, मुळांना पाणी आणि हवा मिळू द्या. झाड रस्त्यावर किंवा घरावर झुकलं असेल तर जाणकाराकडून तपासून, पालिकेची परवानगी घेऊन फांद्यांचा भार हलका करा. पूर्वी भरलेलं सिमेंट उगाच फोडायला जाऊ नका, त्यात उरलंसुरलं चांगलं लाकूडही दुखावतं. आणि असं झाड पडलं किंवा कापायची वेळ आली, तर करवतवाल्याला आधी सांगा की आत सिमेंट आहे. चालत्या यंत्राची साखळी त्यावर आदळली की करवत उसळून अंगावर येऊ शकते.