विश्लेषण : शंभर वर्षांपूर्वीचे डॉलर पुन्हा पाडावेत का?

अमेरिकेच्या टांकसाळीने 2021 मध्ये ‘मॉर्गन’ आणि ‘पीस’ हे चांदीचे दोन जुने डॉलर शंभर वर्षांनंतर पुन्हा पाडले. वर्षभराच्या खंडानंतर, 2023 पासून ही नाणी पुन्हा विक्रीस आली. सरकारी टांकसाळीने संग्राहकांसाठी जुन्या नाण्यांची नवी आवृत्ती काढावी का, हा वाद त्यामुळे पुन्हा रंगला. या नाण्यांच्या इतिहासाचा एक धागा थेट भारतातील चांदीच्या रुपयाशी जोडलेला आहे.

ही नाणी नेमकी कोणती?

जॉर्ज मॉर्गन या कोरक्याने तयार केलेला डॉलर 1878 ते 1904 आणि नंतर 1921 मध्ये पाडला गेला. एका बाजूला लिबर्टीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड अशी त्याची ओळख. पहिल्या महायुद्धानंतरच्या शांततेचे स्मरण म्हणून डिसेंबर 1921 मध्ये ‘पीस’ डॉलर आला. तो अँथनी डी फ्रान्सिस्की यांनी घडवला आणि 1935 पर्यंत पाडला गेला. दोन्ही नाणी साधारण 26.7 ग्रॅम वजनाची आणि 90 टक्के चांदीची होती. अमेरिकी नाणेसंग्राहकांत मॉर्गन डॉलरइतके लोकप्रिय नाणे क्वचितच सापडेल.

भारताचा संबंध काय?

पहिल्या महायुद्धात भारतातून मोठ्या प्रमाणावर माल खरेदी केला जात होता आणि त्याचे पैसे चुकते करण्यासाठी रुपये लागत होते. चांदी मात्र अपुरी पडू लागली. 1917 च्या अखेरीस सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. नोट द्या आणि चांदीचा रुपया घ्या, हे वचन मोडण्याची वेळ 1918 च्या वसंतात आली होती. तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे मदत मागितली. एप्रिल 1918 च्या पिटमन कायद्यानुसार अमेरिकेने 27 कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले. त्यातील बहुतेक चांदी ब्रिटनला विकली गेली आणि भारतात तिचे रुपये झाले.

वितळवलेले डॉलर कोणत्या वर्षांचे होते, याची नोंद ठेवली गेली नाही. त्यामुळे कोणत्या वर्षाची किती नाणी उरली, हे टांकसाळीच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. मॉर्गन डॉलरच्या काही वर्षांच्या नाण्यांना आज जी किंमत येते, तिच्यामागे हेही एक कारण आहे. याच कायद्याने वितळवलेल्या डॉलरच्या जागी अमेरिकी खाणींतील चांदीचे नवे डॉलर पाडण्याचे बंधन घातले. म्हणून 1921 मध्ये मॉर्गन डॉलर पुन्हा सुरू झाला. म्हणजे 2021 मध्ये ज्या घटनेची शताब्दी साजरी झाली, तिच्या मुळाशी भारतातील चांदीचा दुष्काळ होता.

2021 मध्ये काय घडले?

जानेवारी 2021 मध्ये यासाठी खास कायदा झाला. मॉर्गन डॉलरचे पाच प्रकार, प्रत्येकी 1 लाख 75 हजार आणि पीस डॉलर 2 लाख, अशी मर्यादा ठरली. वजन जवळपास जुनेच, पण चांदी 99.9 टक्के शुद्ध. किंमत 85 डॉलर. मे महिन्यात पहिली विक्री उघडताच टांकसाळीचे संकेतस्थळ कोलमडले. तासन् तास पडद्याकडे डोळे लावून बसलेले अनेक संग्राहक रिकाम्या हाताने उठले आणि तीच नाणी पुनर्विक्रीच्या बाजारात चढ्या भावाने दिसू लागली. टांकसाळीला पुढची विक्री लांबणीवर टाकावी लागली. 2022 मध्ये चांदीच्या कोऱ्या चकत्यांचा पुरवठा पुरेसा नसल्याने ही नाणी निघालीच नाहीत. 2023 पासून ती परतली, तीही पूर्वीपेक्षा मोठ्या संख्येने.

बाजूने कोणते मुद्दे मांडले जातात?

पहिला मुद्दा कलेचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिकी नाणी शिल्पकलेचे उत्तम नमुने मानली जातात. अस्सल आणि न झिजलेले नाणे सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात नसते. नव्या आवृत्तीमुळे ते शिल्प हातात घेऊन पाहता येते. अमेरिकेत ही वाट जुनीच आहे. 1916 च्या अर्ध्या डॉलरवरील चालणारी लिबर्टी 1986 पासून चांदीच्या ‘ईगल’ नाण्यावर आहे. 1913 च्या निकेलवरील गवा 2001 मध्ये चांदीच्या डॉलरवर आला, तेव्हा पाच लाख नाणी साधारण दोन आठवड्यांत संपली.

दुसरा मुद्दा पैशाचा. अमेरिकी टांकसाळ आपला खर्च आपल्या विक्रीतून भागवते आणि उरलेली रक्कम तिजोरीत भरते. म्हणजे हौसेचा भार करदात्यावर पडत नाही. तिसरा मुद्दा नव्या पिढीचा. जुने रूप पाहून एखादा तरुण नाण्यांकडे वळला, तर उद्या तो मूळ नाणेही शोधू लागेल.

विरोध कशासाठी?

जुन्या नाण्याचा भाव पडेल, ही भीती नेहमी पुढे केली जाते. ती फारशी टिकत नाही. भाव खरा पडला तो 1962 मध्ये. तेव्हा सरकारी तिजोरीतून 1903 चे न्यू ऑर्लिन्सचे अस्सल मॉर्गन डॉलर पोत्यांनी बाहेर आले आणि अतिदुर्मीळ मानलेले नाणे रातोरात स्वस्त झाले. नवी आवृत्ती वेगळ्या सनाची असते, ती मूळ नाण्याची जागा घेत नाही.

खरा आक्षेप विश्वासाचा आहे. 2021 च्या दोन प्रकारांवर ‘सीसी’ आणि ‘ओ’ ही कार्सन सिटी व न्यू ऑर्लिन्स येथील बंद टांकसाळींची अक्षरे आहेत. नाणी मात्र फिलाडेल्फियात पाडलेली. ही केवळ स्मरणखूण आहे, असे टांकसाळीने स्पष्ट केले होते. तरी पन्नास वर्षांनी हे नाणे ज्याच्या हाती पडेल, त्याला ते स्पष्टीकरण कुठे वाचायला मिळणार?

याबाबतीत अमेरिकी टांकसाळीचा पूर्वेतिहास बरा नाही. 1804 सन असलेला प्रसिद्ध डॉलर प्रत्यक्षात 1830 च्या दशकात, मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांना भेट देण्यासाठी पाडला गेला. पुढे 1850 च्या दशकाच्या अखेरीस टांकसाळीतल्याच लोकांनी गुपचूप आणखी काही नाणी पाडून विकली आणि त्यावरून गदारोळ झाला.

दुसरा आक्षेप वाटपाचा. मर्यादा कमी आणि मागणी मोठी असेल, तर संगणकीय प्रणाली वापरून खरेदी करणारे व्यापारी पुढे जातात आणि सामान्य संग्राहक मागे राहतो. सरकारी संस्थेने मुद्दाम टंचाई निर्माण करावी का, हा प्रश्न मग उरतोच.

भारताचा अनुभव काय?

मुंबईच्या टांकसाळीला हा विषय नवा नाही. ऑस्ट्रियाचा मारिया थेरेसा थेलर त्या सम्राज्ञीच्या मृत्यूनंतरही 1780 याच सनाने पाडला जातो. पूर्व आफ्रिकेत तो चलन म्हणून चाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940-41 मध्ये, हा थेलर मुंबईतही पाडला गेला. तसेच ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि व्हिक्टोरियाच्या काळातील दुर्मीळ नाणी कोलकाता आणि मुंबईच्या टांकसाळींनी संग्राहकांसाठी जुन्या ठशांवरून पुन्हा पाडली होती. त्यांच्यावर सन जुनाच होता. आज लिलावांच्या याद्यांत मूळ नाणे आणि पुनर्मुद्रित नाणे अशी वेगळी नोंद करावी लागते आणि ती ओळखायला तज्ज्ञ लागतो.

सध्या 2011 च्या नाणे कायद्यानुसार नाण्याचे रूप ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. टांकसाळी स्मरणार्थ नाणी दर्शनी मूल्याहून अधिक किमतीला विकतात. जुन्या रूपांची मालिका मात्र नाही. ती जागा खासगी प्रतिकृतींनी भरून काढली आहे. शिवराई आणि होन यांच्या प्रतिकृती आपल्याकडे भेटवस्तू म्हणून सर्रास मिळतात. त्यांच्यावर प्रतिकृती असल्याची खूण नसेल, तर त्या झिजवून अस्सल म्हणून खपवणे सोपे जाते.

मग पाडावीत की नाही?

पाडावीत, पण अटी घालून. नव्या नाण्यावर नवा सन आणि ज्या टांकसाळीत ते पाडले तिचेच चिन्ह असावे. बंद टांकसाळीचे अक्षर मोहक वाटले तरी टाळावे. आगाऊ संख्या ठरवण्याऐवजी ठरावीक दिवस मागणी नोंदवून घ्यावी आणि तेवढीच नाणी पाडावीत, म्हणजे काळ्या बाजाराला वाव उरत नाही. अडचण एवढीच, की चकत्यांचा पुरवठा आधी बांधून घ्यावा लागेल. 2022 च्या खंडाने तो धडा दिला आहे. भारतात अशी मालिका निघाली, तर सरकारी शिक्क्याची, खुणेने ओळखता येणारी प्रत स्वस्तात मिळेल आणि बनावट नाण्याला गिऱ्हाईक कमी होईल.

खरेदीदाराने काय पाहावे?

अशा नाण्यात चांदीची किंमत आणि टांकसाळीने लावलेली वरकड किंमत वेगळी काढून पाहावी. वरकड रक्कम परत मिळेलच, याची हमी कोणी देत नाही. आपल्या मोबाइलवर ‘जुने नाणे द्या, लाखो मिळवा’ अशा जाहिराती येत असतात. आपल्या नावाचा वापर करून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी शुल्क मागितले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता. आपण असे व्यवहार करत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असे बँकेने तेव्हा सांगितले. नाणे आवडले म्हणून जरूर घ्यावे. दुप्पट भावाच्या आशेने घेणाऱ्याने मात्र 1903 च्या डॉलरचे काय झाले, ते आधी आठवावे.